संगणकाच्या सेवा आणि संगणकाची रोजकीर्द

(बावडा, तालुका इंदापूर, येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)

‘सेवा’ आणि ‘नोंद’ हे दोन शब्द प्राथमिक शिक्षकास नवीन नाहीत. शिक्षक ज्या दिवशी शाळेत रुजू होतो, त्या दिवशी त्याचे सेवापुस्तक उघडते. त्या पुस्तकात एखादी वेतनवाढ किंवा एखादी रजा नोंदवावयाची राहिली, तर तिची किंमत निवृत्तिवेतनाच्या वेळी मोजावी लागते. सेवा झाली, परंतु तिची नोंद नाही, अशी स्थिती किती त्रासाची असते हे शिक्षकांस वेगळे सांगावयास नको. आजचा विषय ह्याच दोन शब्दांचा आहे. मात्र सेवा माणसाची नसून शाळेतील संगणकाची आहे, आणि नोंदवहीही संगणक स्वतःच लिहीत असतो.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर अनेक गावांनी लोकसहभागातून आपल्या शाळांस संगणक व प्रोजेक्टर मिळवून दिले. ग्रामस्थांनी उसाच्या बिलातून वर्गणी द्यावी आणि ते यंत्र एका किरकोळ अडचणीपायी कापडाखाली झाकून ठेवले जावे, ही गोष्ट शोभणारी नाही. यंत्र अडले की सहसा दोन उपाय केले जातात. पहिला, वीज बंद करून पुन्हा सुरू करणे. दुसरा, ते तालुक्याच्या गावी दुकानात नेणे. तेथे पुष्कळदा ‘फॉरमॅट मारावे लागेल’ असे उत्तर मिळते. फॉरमॅट मारल्यावर यंत्र चालू लागते हे खरे. परंतु जपून दुसरीकडे न ठेवलेले शाळेचे सारे कागद त्याबरोबर नाहीसे होतात. ह्या दोन्ही उपायांच्या आधी करावयाचे एक काम आहे व ते सहसा केले जात नाही. ते म्हणजे यंत्राने लिहून ठेवलेली नोंद वाचणे. प्रथम नोंद वाचावी व मगच यंत्रास हात लावावा, एवढे एकच सूत्र येथे सांगावयाचे आहे.

लिनक्सची थोडी ओळख

पुढील विवेचन लिनक्स ह्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांविषयी आहे. हिचे मूळ युनिक्स ह्या प्रणालीत आहे. केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सची उभारणी सुरू केली. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने त्याच धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. त्याचे मूळ लिखाण कोणासही वाचता येते व सुधारता येते, आणि त्याच्या बहुतेक आवृत्त्यांस परवान्याचे मूल्य पडत नाही.

ह्या कामाशी पुणे जिल्ह्याचाही संबंध आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ह्या शासकीय संस्थेची स्थापना १९८८ साली पुण्यात झाली आणि डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. ह्याच संस्थेच्या चेन्नई येथील केंद्राने २००७ साली ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. ती डेबियन ह्या प्रसिद्ध लिनक्स प्रणालीवर आधारलेली असून तीत भारतीय भाषांची सोय आहे.

सेवा म्हणजे काय?

संगणक सुरू केल्यावर स्क्रीनवर जे दिसते तेवढेच त्याचे काम नव्हे. कोणी न बोलावता, स्क्रीनवर न दिसता, पडद्याआड कित्येक लहान कार्यक्रम अखंड चाललेले असतात. एक प्रिंटरकडे कागद पाठविण्याचे काम पाहतो, दुसरा इंटरनेटची जोडणी राखतो, तिसरा घड्याळ बरोबर ठेवतो आणि चौथा ठरल्या वेळी ठरलेले काम करतो. ह्या कार्यक्रमांस ‘सेवा’ असे नाव आहे.

बारामती व इंदापूर ह्या तालुक्यांतील लोकांस ही कल्पना पाण्याच्या उदाहरणाने सहज कळेल. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. तेव्हापासून कालव्याच्या दारांवर कोणी ना कोणी राबत आला आहे. शेतकरी रात्री झोपलेला असतो, त्या वेळीही पाटकरी दार उघडतो व लावतो. शेतकऱ्यास पाटकरी दिसत नाही, शेतात आलेले पाणी तेवढे दिसते. संगणकातील सेवांचेही असेच आहे. छापलेला कागद शिक्षकास दिसतो. तो छापवून घेणारी सेवा दिसत नाही.

ह्या पडद्याआडच्या कार्यक्रमांस इंग्रजीत ‘डीमन’ म्हणतात. हा शब्द १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संगणककारांनी रूढ केला. त्यांच्यासमोर जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या शास्त्रज्ञाने कल्पिलेला एक चिमुकला द्वारपाल होता. वायूच्या दोन कप्प्यांमधील दारावर बसून तो वेगवान कणांस एका बाजूस व मंद कणांस दुसऱ्या बाजूस सोडतो, अशी ती कल्पना होती. म्हणजे तोही एक पाटकरीच. कित्येक सेवांच्या नावांच्या शेवटी इंग्रजी ‘डी’ अक्षर आढळते, ते ह्या डीमनचे होय.

सर्व सेवांवर देखरेख ठेवणारा एक मुख्य कार्यक्रम असतो. यंत्र सुरू होताच तो सर्वांत आधी उठतो, म्हणून त्याचा क्रमांक १ असतो. अलीकडच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत हे काम ‘सिस्टिमडी’ नावाचा कार्यक्रम करतो. त्याची सुरुवात २०१० साली झाली आणि डेबियनने त्याचा स्वीकार २०१५ च्या आपल्या आवृत्तीत केला. शाळेच्या भाषेत तो मुख्याध्यापक आहे. कोणी कोणत्या क्रमाने कामास लागावे, कोण थांबला, कोणास पुन्हा उठवावे, हे तो पाहतो.

सेवेस विचारावयाचे प्रश्न

सेवांशी बोलण्याचा सरळ मार्ग म्हणजे टर्मिनल. ही एक साधी खिडकी असते. तीत आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकावयाची व ‘एंटर’ दाबावयाचे, की उत्तर अक्षरांतच मिळते. येथे चित्रे नाहीत, म्हणून प्रथम भीती वाटते. परंतु जे टंकले तेच कागदावर उतरवून ठेवता येते आणि फोनवरून दुसऱ्या शिक्षकास अक्षरशः सांगता येते. लांबच्या शाळेस हा लाभ फार मोठा आहे.

सेवांसाठी मुख्य आज्ञा ‘सिस्टिमसीटीएल’ ही होय. ‘सिस्टिम’ हा इंग्रजी शब्द लिहून त्यास लागूनच सी, टी, एल ही तीन अक्षरे लिहावीत. पुढे एक जागा सोडून क्रियापद आणि आणखी एक जागा सोडून सेवेचे नाव. छपाईच्या सेवेचे नाव ‘कप्स’ आहे. अक्षरे सी, यू, पी, एस. तेव्हा ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस कप्स’ असे टंकले की छपाईच्या सेवेची स्थिती समोर येते. उत्तरात ‘ॲक्टिव्ह’ असेल तर सेवा चालू आहे, ‘इनॲक्टिव्ह’ असेल तर ती थांबलेली आहे, आणि ‘फेल्ड’ असेल तर ती काम करता करता पडली आहे. उत्तराच्या तळाशी नोंदीच्या शेवटच्या काही ओळीही असतात. उत्तर वाचून झाल्यावर ‘क्यू’ दाबून बाहेर यावे. पडलेल्या सर्व सेवांची यादी हवी असल्यास ‘सिस्टिमसीटीएल’ नंतर जागा सोडून, दोन आडव्या रेघा देऊन, त्यांना लागून ‘फेल्ड’ असे लिहावे.

विचारण्याने काही बिघडत नाही, म्हणून वरील आज्ञा कोणत्याही शिक्षकाने निर्धास्तपणे द्याव्यात. बदल करणाऱ्या आज्ञांची गोष्ट निराळी आहे. ‘स्टार्ट’ म्हणजे सुरू कर, ‘स्टॉप’ म्हणजे थांबव, ‘रीस्टार्ट’ म्हणजे थांबवून पुन्हा सुरू कर. ह्यांच्या आरंभी ‘सुडू’ हा शब्द लागतो. अक्षरे एस, यू, डी, ओ. ‘हे काम प्रमुखाच्या अधिकाराने कर’ असा त्याचा अर्थ असून त्यासाठी पासवर्ड द्यावा लागतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. ‘स्टार्ट’ने सेवा आता सुरू होते, परंतु उद्या यंत्र पुन्हा लावल्यावर ती आपोआप उठेलच असे नाही. ती रोज आपोआप उठावी अशी इच्छा असेल तर ‘एनेबल’ ही आज्ञा द्यावी लागते. एखाद्या शिक्षकास एका दिवसापुरते दुसऱ्या शाळेत कामास बोलावणे वेगळे आणि त्याचे नाव त्या शाळेच्या हजेरीपत्रकात घालणे वेगळे. पहिले ‘स्टार्ट’, दुसरे ‘एनेबल’. ‘काल दुरुस्त झाले होते, आज पुन्हा तेच’ ही तक्रार कित्येकदा ह्या एका भेदाच्या विस्मरणातून उद्भवते.

यंत्राची रोजकीर्द

आता नोंदीकडे वळू. संगणकाच्या नोंदीस ‘लॉग’ म्हणतात. ह्या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका असा आहे. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी लाकडाचा तुकडा दोरीस बांधून पाण्यात टाकीत आणि ठरलेल्या वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजीत. तो आकडा ज्या वहीत लिहीत, ती ‘लॉगबुक’. शाळेतील लॉगबुकाचे नावही ह्याच कुळातील आहे.

संगणकात नोंदी एकत्र करण्याची पद्धत १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन ह्यांनी टपालाच्या कार्यक्रमासाठी बसविली. तिचे नाव ‘सिसलॉग’. तीतूनच नोंदीच्या गांभीर्याच्या आठ पायऱ्या रूढ झाल्या. शून्य ही सर्वांत गंभीर पायरी, म्हणजे यंत्र निरुपयोगी होण्याची वेळ. तीन म्हणजे चूक. चार म्हणजे इशारा. सहा म्हणजे साधी माहिती. आणि सात ही पायरी केवळ कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची. नोंदवहीत हजारो ओळी असल्या तरी त्यांतील फार मोठा भाग साध्या माहितीचा असतो. नवशिक्याने तो पाहून घाबरू नये.

सिस्टिमडीच्या नोंदवहीस ‘जर्नल’ म्हणतात. हिशेबाच्या भाषेत जर्नल म्हणजे रोजकीर्द, आणि येथेही अर्थ तोच आहे. शाळेच्या रोजकीर्दीत जमाखर्च ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने, तारखेसह लिहिला जातो. एका खात्याचा व्यवहार पाहावयाचा असेल तर खतावणीत त्या खात्याचे पान उघडावे लागते. संगणकाच्या रोजकीर्दीतही सर्व सेवांच्या नोंदी घडल्या क्रमाने, तारीखवेळेसह पडतात. त्यांतून हवे ते पान काढून देणारी आज्ञा ‘जर्नलसीटीएल’ ही होय. ‘जर्नल’ हा शब्द व त्यास लागून पुन्हा तीच तीन अक्षरे. हिच्या पुढे एक जागा सोडून, आडवी रेघ व तिला लागून ‘यू’ हे अक्षर लिहिले आणि मग सेवेचे नाव दिले, तर त्या एकाच सेवेच्या नोंदी निघतात. ही झाली खतावणी.

अशाच रीतीने आडवी रेघ व ‘बी’ लिहिल्यास यंत्र शेवटचे सुरू झाल्यापासूनच्या नोंदी मिळतात. आडवी रेघ व ‘पी’, आणि पुढे ई, आर, आर ही अक्षरे लिहिल्यास चूक व त्याहून गंभीर अशाच नोंदी राहतात. दोन आडव्या रेघांस लागून ‘सिन्स’ व पुढे ‘टुडे’ लिहिल्यास आजच्याच नोंदी येतात. ही अक्षरे एकत्रही देता येतात. ‘आज, छपाईच्या सेवेत, चूक म्हणून काय नोंदले गेले?’ हा प्रश्न अशा रीतीने एका ओळीत विचारता येतो.

एक उदाहरण

ह्या ज्ञानाचा उपयोग कसा होतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. गाळप हंगाम संपत आला आहे. बावडा परिसरातील एखाद्या शाळेत ऊसतोडणी कामगारांची मुले काही महिने शिकत आहेत. टोळी संध्याकाळी बीड जिल्ह्यातील आपल्या गावी परत निघणार आहे. एक आई आपल्या मुलीचे शिक्षण हमी कार्ड नेण्यास शाळेत आली आहे. ते कार्ड घेऊन मुलगी गावच्या शाळेत गेली तर तिचे वर्ष वाया जाणार नाही. शिक्षक कार्ड छापावयास जातात, तो प्रिंटर गप्प. स्क्रीनवर ‘फिल्टर फेल्ड’ एवढेच दोन शब्द येतात.

अशा वेळी पहिले कर्तव्य यंत्राचे नसून मुलीचे आहे. शिक्षकांनी कार्ड हाताने लिहून, सहीशिक्क्यासह आईच्या हाती द्यावे. टोळीचा ट्रॅक्टर यंत्राच्या दुरुस्तीसाठी थांबत नसतो. त्यानंतर शांतपणे यंत्राकडे यावे.

प्रथम स्थिती विचारावी. उत्तर येते की छपाईची सेवा ‘ॲक्टिव्ह’ आहे. म्हणजे पाटकरी जागेवर आहे. पाणी मात्र टोकास पोहोचत नाही. इंदापूर तालुका नीरा डाव्या कालव्याच्या टोकाकडचा. टोकाचा शेतकरी पाणी न आल्यास कालवा खणीत सुटत नाही. तो वरच्या बाजूस चालत जाऊन पाणी कोठे अडले ते पाहतो. नोंद वाचणे म्हणजे असेच वर चालत जाणे होय. छपाईच्या सेवेची स्वतःची एक वेगळी वहीही असते. ती ‘व्हार’ ह्या फोल्डरातील ‘लॉग’ ह्या फोल्डरात, ‘कप्स’ ह्या नावाखाली ठेवलेली असते. ती आणि रोजकीर्द ह्या दोन्ही पाहिल्यावर एक वाक्य सापडते: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. म्हणजे डिस्कवर जागा उरलेली नाही.

आता ‘डीएफ’ ही आज्ञा, जागा सोडून आडवी रेघ व ‘एच’ ह्यांसह द्यावी. प्रत्येक डिस्क किती भरली आहे ह्याचा तक्ता येतो. त्यात शंभर टक्के हा आकडा दिसला, की कारण निश्चित झाले. स्नेहसंमेलनाची, सहलीची व प्रशिक्षणाची चलच्चित्रे वर्षानुवर्षे साठत गेली आणि कागद छापण्यापूर्वी जी तात्पुरती प्रत तयार करावी लागते, तिलाही जागा राहिली नाही.

डिस्क भरलेली असताना यंत्र नोंद तरी कशी करू शकले, असा प्रश्न येथे सुज्ञ श्रोत्यास पडेल. त्याचे उत्तर मनोरंजक आहे. लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी ‘एक्स्ट फोर’ ही डिस्कची मांडणी शंभरांतील सुमारे पाच भाग प्रमुखाच्या अधिकाराने चालणाऱ्या कामांसाठी राखून ठेवते. इतरांची जागा संपली तरी नोंद लिहिणाऱ्या सेवेचे काम चालू राहावे, हा त्यामागील एक हेतू आहे. घरात धान्य संपले तरी बियाण्याचे पोते जसे राखून ठेवतात, तसे हे राखून ठेवलेले आहे.

उपाय आता सोपा आहे. चलच्चित्रे पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, ती तेथे उघडतात ह्याची खात्री करावी, मग मूळ डिस्कवरून काढावीत. नंतर छपाईची सेवा ‘रीस्टार्ट’ करून कागद पुन्हा पाठवावा. हेच यंत्र नोंद न वाचता दुकानात गेले असते आणि तेथे फॉरमॅट झाले असते, तर जागेची अडचण सुटली असती खरी. परंतु मुलांच्या मूल्यमापनाच्या नोंदीही त्याच डिस्कवर असल्यास त्या गेल्या असत्या. हंगामापुरत्या आलेल्या मुलांची माहिती त्यांच्या पालकांकडून पुन्हा गोळा करणे तर जवळजवळ अशक्य असते, कारण तोवर टोळ्या पांगलेल्या असतात.

वीज आणि घड्याळ

खेड्यातील यंत्राच्या दोन अडचणी विशेष आहेत. पहिली विजेची. वीज एकाएकी गेली तर यंत्रास आवरते घेण्याची संधी मिळत नाही. ‘जर्नलसीटीएल’पुढे आडवी रेघ व ‘बी’, मग जागा सोडून आडवी रेघ व एकाचा आकडा लिहिल्यास मागील वेळच्या नोंदी येतात. यंत्र रीतसर बंद झाले असेल तर शेवटी सेवा एकामागून एक थांबल्याच्या ओळी दिसतात. वीज गेली असेल तर नोंद मध्येच तुटलेली असते, जणू लिहिणाऱ्याच्या हातून लेखणी गळून पडली. अशा तुटलेल्या नोंदी वारंवार दिसू लागल्यास इन्व्हर्टरची मागणी करताना त्यांच्या तारखा पुराव्यादाखल देता येतात.

मात्र मागील नोंदी जपल्या जातात की नाही हे आधी पाहून ठेवावे. काही यंत्रांत रोजकीर्द केवळ तात्पुरत्या स्मृतीत असते व यंत्र बंद होताच पुसली जाते. ‘व्हार’मधील ‘लॉग’ ह्या फोल्डरात ‘जर्नल’ नावाचा फोल्डर असेल, तर नेहमीच्या मांडणीत ती डिस्कवर टिकते. नसेल तर प्रमुखाच्या अधिकाराने तो तयार करून यंत्र पुन्हा सुरू करावे. ही वही डिस्क गिळून टाकील अशी भीतीही नको. मुद्दाम बदल केला नसेल तर ती डिस्कच्या दशांशाहून व चार गिगाबाइटांहून अधिक वाढत नाही. मर्यादा आली की सर्वांत जुनी पाने आपोआप निघतात.

दुसरी अडचण घड्याळाची. संगणकात नाण्याएवढी एक बॅटरी असते आणि यंत्र बंद असतानाही ती घड्याळ चालू ठेवते. ती संपली की उन्हाळ्याच्या सुटीनंतर यंत्र मागची कोणतीतरी तारीख धरून उठते. मग ज्या संकेतस्थळांवर शाळेची माहिती भरावयाची, ती उघडत नाहीत. कारण त्यांच्या ओळखीच्या प्रमाणपत्रांची मुदत यंत्राच्या मते अजून सुरूच झालेली नसते. शिक्षक इंटरनेटला दोष देतात आणि दोष बॅटरीचा असतो. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा दिली की यंत्राची तारीख व घड्याळ जुळविणारी सेवा चालू आहे की नाही, दोन्ही कळते. तारीख चुकलेली असताना पडलेल्या नोंदींवरही चुकीचीच तारीख असते, हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्यात.

अधिकार, सचोटी आणि गोपनीयता

वाचण्याचा अधिकार अनेकांस असावा व बदलण्याचा अधिकार थोड्यांस, हा नियम दप्तराप्रमाणे संगणकासही लागू आहे. डेबियनच्या पद्धतीच्या प्रणालीत ‘एडीएम’ नावाचा एक गट असतो. त्या गटात घातलेल्या व्यक्तीस नोंदी वाचता येतात, परंतु केवळ तेवढ्यावरून तिला सेवा थांबविता येत नाहीत. शाळेतील एकदोन शिक्षकांस ह्या गटात घ्यावे आणि ‘सुडू’चा पासवर्ड मुख्याध्यापक व एक जबाबदार शिक्षक ह्यांच्याजवळ असावा. तो भिंतीवर चिकटवून ठेवू नये.

‘सुडू’ने दिलेली प्रत्येक आज्ञा, देणाऱ्याच्या नावासह, रोजकीर्दीत नोंदली जाते. ह्यातून एक नाजूक प्रश्न निर्माण होतो. सेवा कोणाच्या हातून बंद पडली हे नोंदीत दिसते, आणि ते पाहून सहकाऱ्यास चारचौघांत बोल लावण्याचा मोह होतो. मुख्याध्यापकांनी हा मोह टाळावा. एकदा बोल लागला की पुढल्या वेळी कोणीही यंत्रास हात लावणार नाही, किंवा लावल्यास पुरावा पुसण्याची वाट शोधील. नोंदी पुसलेले यंत्र म्हणजे पाने फाडलेली रोजकीर्द होय. तिच्यावरून शिल्लक काढता येत नाही. चूक झाली तर ती सांगता यावी, असे वातावरण शाळेत असले, तरच नोंदीचा उपयोग होतो.

मदतीसाठी नोंदीच्या ओळींचे छायाचित्र शिक्षकांच्या समूहावर पाठविण्याची पद्धत चांगली आहे. पाठविण्यापूर्वी मात्र त्यात विद्यार्थ्यांची नावे, फाइलींची नावे किंवा पासवर्ड तर नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

शाळेने करावयाचे काम

संगणकाजवळ एक साधी शंभरपानी वही दोरीने बांधून ठेवावी. तीत पाच रकाने आखावेत: तारीख व वेळ, काय अडले, नोंदीत कोणती ओळ सापडली, काय केले, आणि परिणाम काय झाला. यंत्राची रोजकीर्द यंत्राचे सांगते. माणसाने काय पाहिले व कोणत्या विचाराने काय केले, हे तिला माहीत नसते. त्यासाठी ही दुसरी वही हवी. शिक्षकाची बदली झाली की त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते, ही खेड्यातील शाळांची जुनी अडचण आहे. वही मात्र शाळेतच राहते.

सहावी-सातवीच्या मुलांसही ह्या कामात घेता येईल. शाळेच्या मंत्रिमंडळात एखादा संगणकमंत्री असावा आणि त्याने आठवड्यातून एकदा, शिक्षकांच्या देखरेखीखाली, पडलेल्या सेवांची यादी पाहून वहीत लिहावी. ‘फेल्ड’, ‘स्टार्टेड’, ‘स्टॉप्ड’, ‘टाइम आउट’ हे इंग्रजी शब्द मुले अर्थासह शिकतील. दोन नोंदींमधील वेळ काढताना वजाबाकी होईल. आणि ह्याहून मोठा लाभ असा की, कारण शोधल्याशिवाय उपाय करू नये, ही वृत्ती त्यांच्या अंगी बाणेल. ताप आलेल्या माणसाबाबत, वाळणाऱ्या पिकाबाबत आणि न चालणाऱ्या मोटारीबाबत हीच वृत्ती पुढे त्यांच्या उपयोगी पडेल.

शिक्षकबंधुभगिनींनो, ह्या भाषणात आलेल्या आज्ञा फार थोड्या आहेत. स्थिती विचारणे, नोंद वाचणे, डिस्कची जागा पाहणे, घड्याळ तपासणे आणि कारण कळल्यावर सेवा पुन्हा सुरू करणे, एवढेच हे काम आहे. प्रत्येक शाळेने ह्या आज्ञा एका जाड कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून यंत्राशेजारी लावाव्यात आणि यंत्र चांगले चालू असतानाच त्या एकदा देऊन पाहाव्यात. निरोगी यंत्राची नोंद कशी दिसते हे ज्याने पाहिले आहे, त्यासच बिघडलेल्या यंत्राच्या नोंदीतील वेगळेपण ओळखता येईल. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास ह्या कामासाठी द्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद त्याच दिवशी करावी.